अमेरिकन मोटारीचे युरोपीय रूपांतर

कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात मोटारगाडीवरचा लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील, हे मी गृहीत धरून चालते. विषय तंत्रनिकेतनाच्या अंकात शोभेल असा; त्यातून लिहिणारीला मोटार चालवताही येत नाही. पण सार्वजनिक आयव्ययाच्या तासाला 'कराचा भार शेवटी कोणावर पडतो' हा जो प्रश्न आपण सारे घोकत असतो, त्याचे इतके बोलके उदाहरण मला पाठ्यपुस्तकात कुठे सापडले नाही. कर माणसाच्या खिशावर पडतो हे आपण जाणतोच. तो लोखंडावर पडला तर लोखंडाचा आकार बदलतो, हे मात्र मला अमेरिकन मोटारींच्या इतिहासाने शिकवले.

अमेरिकेत तयार झालेली मोटार युरोपात विकायची झाली तर तिच्यात बदल का करावे लागत? सहज सुचणारे उत्तर असे की, युरोपातले रस्ते अरुंद, शहरे जुनी, पेट्रोल महाग आणि लोकांची मिळकत अमेरिकन शेतकऱ्याच्या मानाने कमी. हे उत्तर खोटे नाही. पण ते अर्धे आहे. रस्ता अरुंद म्हणून कोणी सिलिंडरचा व्यास पाऊण इंचाने कमी करत नाही. तसा तो केला गेला, आणि त्यामागे रस्ता नव्हता, गणिताचे एक सूत्र होते.

सुरुवात हेन्री फोर्डपासून करणे भाग आहे. त्याची 'मॉडेल टी' १९०८ साली बाजारात आली आणि १९११ साली मँचेस्टरजवळच्या ट्रॅफर्ड पार्क येथे तिची जुळणी सुरू झाली. अखंड मोटार बोटीतून पाठवण्यापेक्षा तिचे सुटे भाग पेट्यांत भरून पाठवणे स्वस्त पडे, कारण जहाजाचे भाडे जागेवर असते आणि मोटारीच्या आत पोकळीच फार! तिकडे पेट्या उघडायच्या, भाग जोडायचे, शक्य तेवढे स्थानिक सामान वापरायचे. हा धंदा इतका जोरात चालला की पहिल्या महायुद्धापूर्वीच इंग्लंडमध्ये सर्वांत जास्त मोटारी बनवणारा कारखाना फोर्डचा होता. या काळात मोटारीत बदल असा नगण्यच. कॅन्सासच्या शेतावर जी मोटार धावे, तीच यॉर्कशायरच्या खेड्यात धावे. फोर्डला हे मनापासून आवडे. एक जग, एक मोटार, असा त्याचा खाक्या होता.

महायुद्ध सुरू झाले आणि १९१५ साली ब्रिटनचे अर्थमंत्री रेजिनाल्ड मॅकेना यांनी परदेशी मोटारींवर ३३⅓ टक्के आयातकर बसवला. युद्धकाळात चैनीच्या वस्तूंसाठी परकीय चलन आणि जहाजांतली जागा खर्ची पडू नये, हा हेतू. युद्ध संपले, कर मात्र मधला थोडा काळ सोडता राहिला. (तात्पुरता म्हणून आलेला कर आणि दोन दिवसांसाठी आलेला पाहुणा यांची जात एकच.) त्यातून एक वळणाची वाट निघाली. साम्राज्यातल्या देशांत बनलेल्या मालाला या करात एक-तृतीयांश सूट होती, आणि कॅनडा तर डेट्रॉइटच्या समोर, नदीपलीकडे! तेव्हा ब्रिटन आणि साम्राज्यातील इतर देशांसाठी उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या मोटारी कॅनडातल्या कारखान्यांतून जाऊ लागल्या. आठव्या एडवर्ड राजाने १९३६ साली जी ब्यूक घेतली ती अशीच कॅनडात बांधलेली होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याने सिंहासन सोडले. ब्यूक अमेरिकन, आणि जिच्यासाठी सिंहासन सोडले ती बाईही अमेरिकन, यावर तेव्हाच्या लंडनमध्ये बरेच विनोद झाले असावेत.

पेट्यांतून येणाऱ्या याच मोटारी आपल्याकडेही पोहोचल्या. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला. पुढे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याला डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जोडायला घेतल्या. त्यांतली 'डॉज किंग्जवे' ही नीट पाहिली तर प्लिमथच. फक्त तोंड डॉजचे. परदेशातल्या विक्रेत्याला डॉज या नावाखाली स्वस्त मोटार हवी असे आणि अमेरिकेतली डॉज तर महाग, म्हणून प्लिमथच्या अंगावर डॉजचा मुखवटा चढवून ती खास निर्यातीसाठी काढली जाई. म्हणजे मुंबईच्या रस्त्यावर पुष्कळांनी जी 'खरी अमेरिकन' मोटार पाहिली, ती अमेरिकेतल्या माणसाने त्या रूपात पाहिलेलीच नव्हती.

आता मुख्य मुद्द्याकडे वळते. १९२१ सालच्या जानेवारीपासून ब्रिटनमध्ये मोटारीवरचा वार्षिक कर तिच्या अश्वशक्तीवर आकारला जाऊ लागला. दर अश्वशक्तीला एक पौंड. वाचताना हे किती न्याय्य वाटते! जितकी ताकद, तितका कर. पण ताकद मोजायची कशी? त्यासाठी रॉयल ऑटोमोबाइल क्लबने शतकाच्या आरंभी बसवलेले एक सूत्र घेतले गेले. सिलिंडरच्या व्यासाचा इंचांत वर्ग करा, त्याला सिलिंडरांच्या संख्येने गुणा आणि अडीचने भागा. आली अश्वशक्ती. इंजिनाची खरी ताकद कितीही असो, सरकारी ताकद ही.

मॉडेल टीचा हिशेब करून पाहू. तिला चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास पावणेचार इंच. वर्ग झाला १४ च्या किंचित वर, गुणिले ४, भागिले अडीच, उत्तर २२.५. अपूर्णांकाला पूर्ण धरून कर २३ पौंड, आणि तोही दर वर्षी. १९२२ साली हर्बर्ट ऑस्टिनने काढलेल्या चिमुकल्या 'ऑस्टिन सेव्हन'चा कर होता ८ पौंड. विल्यम मॉरिसच्या 'काउली'चा १२. गंमत अशी की मॉडेल टीची खरी ताकद २० अश्वशक्तीच्या आसपास, म्हणजे सरकारी आकड्याहून कमीच. ती बिचारी रुंद छातीची पण शांत वृत्तीची मोटार होती. तिला छातीच्या मापावर दंड झाला. १९२४ साली मॉरिसने फोर्डला मागे टाकून ब्रिटनमधले पहिले स्थान घेतले. याचे सारे श्रेय करालाच देणे योग्य होणार नाही, कारण मॉडेल टी तोवर म्हातारी झाली होती आणि मॉरिसच्या मोटारी चांगल्या होत्या. तरी ग्राहकाने दुकानात शिरण्याआधी कराचा आकडा पाहावा, अशी स्थिती या सूत्राने आणली हे खरे.

हा कर परदेशी मोटारींना रोखण्यासाठीच आखला होता काय? कायद्यात तसे शब्द नाहीत. पैसा रस्त्यांसाठी हवा होता, आणि कर सर्वांना सारखाच लागू होता. पण अर्थशास्त्रात हेतूपेक्षा परिणाम पाहावा, असे मला वाटते. अमेरिकेत पेट्रोल मुबलक. तिथले इंजिन रुंद सिलिंडरचे, सावकाश फिरणारे, न कुरकुरता ओढणारे. ब्रिटिश सूत्राने नेमके तेच माप पकडले. भिंत न बांधता भिंतीचे काम झाले.

फोर्डने काय केले ते पाहण्यासारखे आहे. १९२७ च्या अखेरीस अमेरिकेत 'मॉडेल ए' आली. तिचा सिलिंडर आणखी रुंद, ३.८७५ इंचांचा, सूत्राप्रमाणे २४ अश्वशक्ती. ब्रिटनसाठी तिची एक वेगळी आवृत्ती काढली, 'मॉडेल ए एफ'. सांगाडा, चाके, दारे सगळे तेच, पण सिलिंडरचा व्यास केवळ ३.०५ इंच. वाचकांनी स्वतः गणित करून पाहावे: उत्तर १४.९ येते. व्यास पाऊण इंचाहून थोडा जास्त घटला आणि वर्षाला नऊ-दहा पौंड वाचले. पण इंजिनाची धारणाशक्ती ३,२८५ घन सेंटिमीटरांवरून २,०४३ वर आली आणि अंग मात्र पूर्वीइतकेच जड राहिले. चढावर या मोटारीचा दम लागत असणार, हे सांगायला अभियंता नको. कर वाचला तरी पेट्रोल तितकेसे वाचले नाही. अशी मोटार घेऊन ना अमेरिकन मोटारीचे सुख, ना ब्रिटिश मोटारीची काटकसर.

नाटकाच्या विद्यार्थ्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. परक्या नाटकातली पात्रांची नावे बदलायची, लंडनचे पुणे करायचे आणि संवाद मात्र शब्दाला शब्द ठेवायचे, अशी भाषांतरे आपण पाहिली आहेत. ती चालतात, पण चढावर दम लागतो. याउलट शॉच्या 'पिग्मॅलियन'चे पु. ल. देशपांड्यांनी १९७५ साली केलेले 'ती फुलराणी' घ्या. तिथे नायिकेची बोलीच मुळात मराठी मातीतून उभी करावी लागली, कारण बोली हेच त्या नाटकाचे इंजिन. भाषांतर आणि रूपांतर यांतला हा फरक फोर्डला १९३२ साली उमगला.

लंडनजवळ टेम्सच्या काठी डॅगनम येथे फोर्डचा प्रचंड कारखाना १९३१ च्या ऑक्टोबरात सुरू झाला, आणि तो चालवायला पुरेशी खपणारी मोटार कंपनीकडे नव्हती. तेव्हा अमेरिकेत, डिअरबॉर्न येथे, काही महिन्यांत एक सर्वस्वी नवी छोटी मोटार आखली गेली. ती 'मॉडेल वाय'. फोर्डने अमेरिकेबाहेरच्या बाजारपेठेसाठी मुळापासून आखलेली ही पहिली मोटार. इंजिन ९३३ घन सेंटिमीटरांचे. सिलिंडरचा व्यास ५६.६ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९२.५ मिलिमीटर. सरकारी अश्वशक्ती आठ. १९३५ साली तिची किंमत १०० पौंडांवर आणली गेली. बंद छपराची पुऱ्या आकाराची मोटार त्या किमतीला मिळणे ही ब्रिटनमध्ये अपूर्वाई होती. तीच मोटार जर्मनीत 'फोर्ड क्योल्न' या नावाने बनली. कोलोनच्या त्या कारखान्याची कोनशिला २ ऑक्टोबर १९३० रोजी हेन्री फोर्ड आणि शहराचे महापौर कोनराड आडेनाउअर यांच्या उपस्थितीत बसवली गेली होती. हेच आडेनाउअर पुढे पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर झाले. आणखी एक मौजेची गोष्ट म्हणजे मॉडेल वायचा ढालीसारखा तिरपा दर्शनी भाग डिअरबॉर्नमध्ये इतका पसंत पडला की, १९३३ च्या अमेरिकन फोर्डला तोच मोठा करून बसवला गेला. रूपांतरावरून मूळ कृती सुधारली, असे क्वचितच घडते.

मघाशी दिलेल्या दोन आकड्यांकडे पुन्हा पाहावे. व्यास ५६.६ आणि धाव ९२.५, म्हणजे सिलिंडर उंच आणि चिंचोळा, एखाद्या फुंकणीसारखा. याचे कारण सूत्रात आहे. सूत्र फक्त व्यास मोजते. दट्ट्या वरखाली किती धावतो याची ते दखलच घेत नाही. मग आखणी करणाऱ्याने काय करावे? जिथे कर आहे तिथे आखडावे, जिथे नाही तिथे पसरावे. खिडक्यांवर कर बसला तेव्हा इंग्लंडमध्ये लोकांनी खिडक्या बुजवल्या होत्या, तीच ही वृत्ती. ब्रिटनमधले बहुतेक सर्व कारखानदार, देशी असोत वा अमेरिकन, पाव शतक असलीच इंजिने बनवत राहिले. त्यांचा तोटा असा की दट्ट्याला प्रत्येक फेऱ्यात लांब अंतर कापावे लागते. इंजिन सतत वेगात फिरवले तर झीज फार. इंग्लंडच्या वळणावळणाच्या रस्त्यांवर हे जाणवत नव्हते. दुसरे महायुद्ध संपल्यावर, देश कर्जात बुडालेला असताना, 'निर्यात करा नाहीतर मरा' अशी वेळ आली आणि याच मोटारी अमेरिका-ऑस्ट्रेलियाच्या सरळसोट लांब रस्त्यांवर पाठवायच्या ठरल्या, तेव्हा ते जाणवले. १९३५ साली कराचा दर पौंडावरून पंधरा शिलिंगांवर आला होता. १९४८ पासून नव्या मोटारींना सरसकट १० पौंड कर लागू झाला आणि सूत्र इतिहासजमा झाले. पण इंजिनाचे साचे, ते ओतणारी यंत्रे आणि ती आखणाऱ्यांच्या सवयी एका अर्थसंकल्पाने बदलत नाहीत. परक्या मोटारीला ज्याने अडवले, त्यानेच घरच्या मोटारीचे पाय बांधले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल असे मला वाटत नाही.

सूत्रे ब्रिटनमध्येच होती असे नाही. फ्रान्सचे स्वतःचे करपात्र अश्वशक्तीचे माप होते. फोर्डचे प्रसिद्ध आठ सिलिंडरांचे व्ही-एट इंजिन १९३२ साली आले; ब्रिटिश सूत्राने ते भरले ३० अश्वशक्तीचे. युरोपासाठी त्याचीच लहान प्रतिकृती काढली गेली, २.२ लिटरची. सिलिंडर आठच, पण व्यास २.६ इंच, ब्रिटनमध्ये २२, फ्रान्समध्ये १३ अश्वशक्ती. अमेरिकेतही हे इंजिन काही वर्षे विकून पाहिले, तिथे ते कोणाला रुचले नाही. फ्रान्समध्ये मात्र ते रुळले. १९४८ च्या पॅरिस प्रदर्शनात फोर्डने 'व्हेडेट' मांडली. तिचा देह मूळचा अमेरिकेसाठी आखलेल्या एका छोट्या मोटारीचा, आणि आत हे करभीरू व्ही-एट. १९५४ साली फोर्डने आपला पॅरिसजवळचा प्वासी येथील कारखाना सिम्का कंपनीला देऊन टाकला. दोनच वर्षांनी, १९५६ साली, वृद्धांच्या निवृत्तिवेतनासाठी पैसा उभा करायचा म्हणून फ्रेंच सरकारने मोटारींवर वार्षिक कराचे तिकीट लावले. १६ करपात्र अश्वशक्तीच्या वरच्या मोटारींना सर्वांत जास्त. अमेरिकेहून येणारी मोठी व्ही-एट मोटार बहुधा याच वरच्या वर्गात पडे. हेतू उदात्त, यात शंका नाही.

मोटारीच्या नावांचेही रूपांतर होत असे. लंडनच्या क्यू भागात क्रायस्लरचा कारखाना होता. तिथून निघणाऱ्या मोटारींना 'क्यू', 'विम्बल्डन', 'रिचमंड', 'क्रॉयडन' अशी लंडनच्या आसपासच्या वस्त्यांची नावे दिली जात. आत पाहावे तर ती प्लिमथ किंवा डिसोटो. (आपल्याकडे एखाद्या अमेरिकन मोटारीला 'पार्ले' किंवा 'मुलुंड' नाव देण्यासारखे हे झाले. खप वाढला असता की नाही कोण जाणे.) उलट प्रकार फोर्डच्या 'मस्टँग'च्या बाबतीत घडला. १९६४ च्या एप्रिलमध्ये निघालेल्या या मोटारीचे अर्धे यश तिच्या नावात होते. पण पश्चिम जर्मनीत क्रुप कंपनी 'मस्टँग' नावाचा ट्रक विकत असे आणि नावाचा हक्क तिच्याकडे होता. दहा हजार डॉलरांत तो हक्क सोडायला क्रुप तयार होती आणि फोर्डने तेवढे द्यायचे नाकारले, असे सांगितले जाते. परिणामी १९७८ च्या अखेरपर्यंत जर्मनीत ती 'टी-५' म्हणून विकली गेली. घोड्याचे चित्र राहिले, घोड्याचे नाव पुसले. निर्यातीच्या या मोटारींत पुढच्या दोन्ही धक्काशोषकांचे खांब एकसंध पोलादी पट्टीने मागच्या भिंतीला बांधलेले असत. अमेरिकेत त्याऐवजी दोन सुट्या पट्ट्या चालत. जुन्या मोटारींचे शौकीन अमेरिकेत ती निर्यातीची पट्टी मुद्दाम मिळवून बसवतात.

या साऱ्या इतिहासात मला सर्वांत जवळचे वाटलेले प्रकरण स्वित्झर्लंडमधील बील शहराचे आहे. बील हे घड्याळांचे गाव. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत घड्याळे कोण घेणार? हजारो कुशल हात रिकामे झाले. शहराचे समाजवादी महापौर गीडो म्युलर यांनी जनरल मोटर्सला गाठले. शहराने स्वतः कारखान्याची इमारत बांधून द्यायची, कंपनीने तीत मोटारी जोडायच्या आणि स्थानिक लोकांना काम द्यायचे, असे ठरले. नागरिकांचा कौल घेतला गेला. १९३६ च्या फेब्रुवारीत पहिली ब्यूक तिथून बाहेर पडली. एका समाजवादी महापौराने जगातल्या सर्वांत मोठ्या भांडवलशाही कंपनीसाठी सार्वजनिक पैशाने कारखाना बांधावा, यावर आपल्या वादविवाद मंडळात एक संध्याकाळ सहज रंगेल. मला स्वतःला त्यात विसंगती दिसत नाही. त्याच्यापुढे तत्त्वाचा प्रश्न होता तसाच चुलीचाही होता.

सुट्या भागांवरचा आयातकर पूर्ण मोटारीपेक्षा कमी, म्हणून हे गणित कंपनीलाही परवडले. रंग, काच, गाद्या, टायर, बॅटऱ्या असे सामान शक्य तितके स्वित्झर्लंडमधलेच वापरायचे. आणि मग अशी काही गोष्ट घडली जी करारात लिहिलेली नव्हती. घड्याळाच्या चाकांची सवय असलेल्या मुलखातल्या कामगारांनी जोडलेल्या मोटारी डेट्रॉइटच्या मोटारींपेक्षा नीटस निघू लागल्या. दारे नेमकी बसत, रंग टिकून राहत. 'मोंताज स्विस', म्हणजे स्विस जुळणी, हे शब्द मोटारीच्या जाहिरातीत अभिमानाने मिरवू लागले. बीलमध्ये शेव्हरोले आणि ब्यूकबरोबर ओपेल आणि व्हॉक्सहॉलही जोडल्या जात. महायुद्धात सुटे भाग येईनासे झाले तेव्हा काम थांबले, नंतर पुन्हा सुरू झाले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तर 'कॅमारो'सारखी नखरेल मोटारही तिथे जोडली गेली. शिन्त्सनाख-बाड येथे आमाग कंपनी १९४८ पासून १९७२ पर्यंत क्रायस्लरच्या प्लिमथ, डॉज आणि 'व्हॅलियंट' जोडत होती. पण देशोदेशींच्या आयातकराच्या भिंती खाली आल्या तशी पेट्या उघडून जोडण्यातली बचत संपली. त्यात १९७३ चा तेलाचा पेचप्रसंग आला. बीलचा कारखाना १९७५ साली बंद झाला, तोवर सव्वातीन लाखांहून अधिक मोटारी त्याने रस्त्यावर आणल्या होत्या. ज्या आयातकराला आपण पाठ्यपुस्तकात 'व्यापारातील अडथळा' म्हणतो, त्या अडथळ्याच्या सावलीत एका गावाने चाळीस वर्षे भाकरी खाल्ली. माझ्या मते हेही परीक्षेत लिहिण्याजोगे आहे.

महायुद्धानंतर चित्र हळूहळू पालटले. जनरल मोटर्सने व्हॉक्सहॉल १९२५ साली आणि ओपेल १९२९ साली घेतलेलीच होती. युरोपीय ग्राहकाला अमेरिकन थाट हवा असेल तर तो याच कंपन्या लहान मापात देऊ लागल्या. १९५७ सालच्या ओपेल 'रेकॉर्ड', व्हॉक्सहॉल 'व्हिक्टर' आणि जर्मन फोर्ड 'टाउनस' पाहा: कोपऱ्यात वळलेली पुढची काच, क्रोमच्या पट्ट्या, दोन रंग, सगळे शिकागोचे, आत दीड-पावणेदोन लिटरचे इंजिन. आता देह अमेरिकन आणि आत्मा युरोपीय असा व्यवहार झाला. अस्सल अमेरिकन मोटार शौकिनांपुरती उरली. स्वीडनमध्ये असे शौकीन खूप. तिथे १९६७ पर्यंत वाहने डाव्या बाजूने चालत, तरी लोकांच्या मोटारींना स्टिअरिंग अमेरिकेसारखे डावीकडेच असे, त्यामुळे निदान तो बदल तरी करावा लागला नाही.

या शौकाच्या मोटारींत कायदा जेवढे मागेल तेवढेच बदल केले जात, आणि कायदा मुख्यतः दिव्यांबद्दल बोले. अमेरिकेत मागचा लाल दिवाच ब्रेकची सूचना देई आणि तोच लुकलुकून वळणाचीही. युरोपात वळणाचा मागचा दिवा नारिंगी हवा, म्हणजे थांबणे आणि वळणे यांत घोटाळा नको. फ्रान्समध्ये पुढचे दिवे पिवळे हवेत. हा नियम १९३० च्या दशकातला, तो १९९३ पर्यंत टिकला. अमेरिकेत १९४० पासून एकाच ठरावीक आकाराचा बंद दिवा सक्तीचा होता. युरोपात १९५७ पासून कडेच्या बाजूला लांब आणि समोरून येणाऱ्याच्या बाजूला आखूड प्रकाश टाकणारे दिवे रूढ झाले. शिवाय युरोपची नंबरप्लेट लांबट, अमेरिकेची आखूड आणि उंच, तेव्हा मागच्या बंपरमधली खोबण अपुरी पडे. १९५८ साली जिनिव्हात झालेल्या करारानंतर मान्यताप्राप्त भागांवर वर्तुळातले 'ई' अक्षर आणि देशाचा अनुक्रमांक उमटू लागला. १ म्हणजे जर्मनी, २ म्हणजे फ्रान्स, ३ म्हणजे इटली. एका देशाची मान्यता दुसऱ्याने स्वीकारायची, अशी ही व्यवस्था. अमेरिका तिच्यात सामील झाली नाही.

१९७५ नंतर एक विचित्र उलटापालट झाली. हवा शुद्ध राहावी म्हणून अमेरिकेत नव्या मोटारींच्या धुराड्यात उत्प्रेरक बसवले जाऊ लागले. शिशाने ते निकामी होतात, म्हणून त्यांना शिसेविरहित पेट्रोल लागते. आणि असे पेट्रोल युरोपात १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सहसा मिळतच नव्हते. मग अमेरिकन मोटार युरोपात आणताना तिचे उत्प्रेरक काढून टाकावे लागे. जास्त स्वच्छ मोटार अस्वच्छ केल्याशिवाय तिला तिकडे चालता येईना! तीच गत वेगमापकाची. १९७९ च्या सप्टेंबरपासून काही वर्षे अमेरिकेत वेगमापकाच्या तबकडीवर ताशी ८५ मैलांच्या, म्हणजे सुमारे १३७ किलोमीटरच्या, पुढचा आकडा छापायला बंदी होती. जर्मनीच्या महामार्गावर तो वेग म्हणजे मधल्या वाटेवरची चाल. तिकडे जाणाऱ्या मोटारीला साहजिकच वेगळी तबकडी लागे.

मस्टँगला जर्मनीत स्वतःचे नाव १९७९ पासून वापरता आले. तिची सहावी पिढी २०१४ साली बाजारात आली, तेव्हा पहिल्या मस्टँगला पन्नास वर्षे उलटून गेली होती. कारखान्यातूनच उजव्या हाताचे स्टिअरिंग घेऊन निघालेली ही पहिली मस्टँग. युरोपला जाणाऱ्या मोटारींच्या मागच्या दिव्यांत नारिंगी रंग आला आणि पाच लिटरच्या व्ही-एटच्या जोडीला २.३ लिटरचे चार सिलिंडरांचे इंजिन देऊ केले गेले. ब्रिटनमध्ये त्याआधीच, २००१ च्या मार्चपासून, नव्या मोटारीचा कर ठरवण्याची रीत बदलली होती. तिथे आता सिलिंडरचा व्यास कोणी मोजत नाही. दर किलोमीटरला धुराड्यातून कार्बन डायऑक्साइड किती ग्रॅम बाहेर पडतो, ते मोजतात.